लातूरच्या कारखान्यात आलेली रशियन कंपनी : ट्रान्समॅशहोल्डिंग म्हणजे नेमकं काय?

२०२३च्या मार्च महिन्यात वंदे भारत शयनयान गाड्यांची निविदा उघडली आणि सर्वांत कमी बोली निघाली ती एका अशा नावाची, जे आपल्याकडे रेल्वेवेड्यांनाही फारसं माहीत नव्हतं. रेल विकास निगम ही आपली सरकारी कंपनी आणि तिच्यासोबत रशियाची ‘ट्रान्समॅशहोल्डिंग’. सोळा डब्यांच्या एका गाडीला १२० कोटी रुपये, असा त्यांचा भाव. दुसऱ्या क्रमांकाची बोली १३९.८ कोटींची होती, म्हणजे गाडीमागे जवळजवळ २० कोटींचा फरक. १२० गाड्यांचं काम त्यांना मिळालं आणि जागा ठरली लातूर. हरंगुळजवळचा मराठवाडा रेल कोच कारखाना.

मराठवाड्याच्या माणसाला लातूर आणि रेल्वे म्हटलं की २०१६चा एप्रिल आठवतो. मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन येणारी गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच गावात आता डबे बनणार, तेही मॉस्कोजवळच्या कारखान्याच्या आराखड्यावर. तेव्हा ही कंपनी कोण, कुठून आली, काय बनवते आणि आपल्याशी तिने नेमका कसला करार केला आहे, हे नीट समजून घेतलं पाहिजे. ते दिसतं तितकं सरळ नाही.

पहिली गोष्ट नावाची. ‘ट्रान्समॅश’ म्हणजे वाहतुकीची यंत्रं आणि ‘होल्डिंग’ म्हणजे अनेक कारखान्यांची मालकी एका छत्राखाली ठेवणारी कंपनी. ट्रान्समॅशहोल्डिंग नावाचा एक कारखाना कुठेच नाही. मॉस्कोत मुख्यालय आहे. बाकी सगळे जुने, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी उभे केलेले कारखाने आहेत. कोलोम्नाचा कारखाना १८६३चा, ब्र्यान्स्कचा १८७३चा, मॉस्कोच्या वेशीवरच्या मितिश्चीचा १८९७चा, त्वेरचा १८९८चा आणि दक्षिणेतल्या नोवोचेर्कास्कचा १९३६चा. होल्डिंग कंपनी स्थापन झाली २००२ मध्ये. म्हणजे लेकरं दीडशे वर्षांची आणि आई विशीतली, असा हा उलटा संसार आहे.

तो असा का, हे कळायला सोव्हिएत काळात जावं लागतं. त्या व्यवस्थेत कुठल्या गावाने काय बनवायचं हे मॉस्कोत ठरायचं आणि एकच गोष्ट एकाच ठिकाणी भरमसाट बनायची. मालगाड्यांची विजेची इंजिनं नोवोचेर्कास्कला आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीला. डिझेल इंजिनं मुख्यतः युक्रेनमधल्या लुहान्स्कला. आपल्या लोकलसारख्या विजेच्या गाड्या लाटव्हियातल्या रिगाला. प्रवासी गाड्या ओढणारी विजेची इंजिनं तर देशाबाहेरून, चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्झेनच्या श्कोडा कारखान्यातून यायची. एकत्र कुटुंबात स्वयंपाक थोरलीकडे, गोठा मधलीकडे आणि हिशेब धाकट्याकडे असावा, तशी ही वाटणी. घर एक असेपर्यंत ती छान चालते.

१९९१ मध्ये घर फुटलं. रशियाकडे जगातलं एक अवाढव्य रेल्वेजाळं राहिलं, पण लोकल बनवणारा कारखाना लाटव्हियात, डिझेलवाला युक्रेनमध्ये, विजेच्या इंजिनांचा एक कारखाना जॉर्जियात, आणि श्कोडाचं बिल आता परकीय चलनात. शिवाय रेल्वेकडे पैसाच नव्हता. नव्या इंजिनांच्या मागण्या जवळजवळ थांबल्या, कारखान्यांत पगार थकले. मॉस्कोच्या पूर्वेला देमिखोवो इथे दलदलीतला पीट, म्हणजे जळणासाठी वापरायची कुजलेल्या वनस्पतींची माती, वाहून नेण्यासाठी अरुंद रुळांवरच्या वाघिणी बनायच्या. त्या कारखान्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिगाची जागा घेत लोकल गाड्या बनवायला घेतल्या. मला या सगळ्या कहाणीतला हा तुकडा फार मोलाचा वाटतो. ज्या हातांनी पीटच्या वाघिणी घडवल्या, त्याच हातांनी काही वर्षांत मॉस्कोच्या चाकरमान्यांच्या गाड्या घडवल्या.

असे एकटे पडलेले, कर्जात बुडालेले कारखाने एकेक करून विकत घेत २००२ नंतर हा समूह उभा राहिला. त्याच सुमारास, ऑक्टोबर २००३ मध्ये, रशियाच्या रेल्वे मंत्रालयातून रशियन रेल्वे ही वेगळी सरकारी कंपनी निघाली. एक मोठा गिऱ्हाईक आणि एक मोठा विक्रेता, असं समीकरण तयार झालं. ते सोयीचं आहे आणि धोक्याचंही. गिऱ्हाइकाने हात आखडला की विक्रेत्याचा श्वास कोंडतो. बाहेरच्या देशांत कामं मिळवण्याची या कंपनीची धडपड तिथूनच सुरू होते.

आता नोवोचेर्कास्कबद्दल थोडं थांबून लिहितो. दोन कारणांनी. एक, विजेच्या इंजिनांचं हे माहेरघर. दुसरं, इथल्या कामगारांनी जे सोसलं ते इंजिनांच्या आकड्यांखाली दडून जाऊ नये म्हणून.

डॉन नदीच्या खोऱ्यातलं हे कोसॅकांचं, म्हणजे घोडेस्वार लढवय्यांचं, जुनं गाव. महायुद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर पुन्हा बांधताना वाफेच्या इंजिनांऐवजी विजेची इंजिनं बनवायचं ठरलं. १९४७ पासून ती इथून बाहेर पडू लागली. १९६० च्या दशकापासून ‘व्हीएल-८०’ या मालिकेची हजारो इंजिनं बनली. व्हीएल म्हणजे व्लादिमिर लेनिन.

१९६२च्या मे महिन्याच्या शेवटी सरकारने मांसाचा भाव ३० टक्क्यांनी आणि लोण्याचा २५ टक्क्यांनी वाढवला. याच कारखान्यात त्याआधी कामाचा दर बदलून मजुरी कमी केलेली होती. १ जूनच्या सकाळी ओतशाळेतले कामगार जमले आणि कारखान्याच्या संचालकाला जाब विचारू लागले. मांस परवडत नसेल तर पिरोझकी, म्हणजे सारण भरलेल्या स्वस्त पुऱ्या खा, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. त्या एका वाक्याने अख्खा कारखाना बाहेर आला. कामगारांनी जवळच्या रेल्वेमार्गावर उतरून प्रवासी गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी हातात लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन ते शहराच्या मध्यभागी चालत गेले. ज्या राज्याने स्वतःला कामगारांचं राज्य म्हटलं, त्याच्याच खुणा त्यांनी हातात धरल्या होत्या. चौकात सैन्याने गोळीबार केला. २६ माणसं मेली, कित्येक डझन जखमी झाली. नंतर सात जणांना मृत्युदंड दिला गेला. मृतदेह घरच्यांना मिळाले नाहीत, रात्रीतून वेगवेगळ्या दूरच्या स्मशानभूमींत पुरले गेले. मात्वेय शापोश्निकोव्ह या सेनाधिकाऱ्याने रणगाडे कामगारांवर घालायला नकार दिला होता, त्यांनाही पुढे पक्षातून काढलं. जवळपास पंचवीस वर्षं या घटनेचा उघड उच्चार झाला नाही. १९९० च्या दशकात अवशेष शोधून नोवोचेर्कास्कला आणले आणि सन्मानाने पुन्हा पुरले.

गिरणगावाचा इतिहास ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना परकं वाटत नाही.

याच कारखान्यात बनणारं आजचं प्रमुख मालवाहू इंजिन म्हणजे ‘२ईएस५के’, लाडकं नाव ‘येर्माक’. रशियन इंजिनांची नावं पाढ्यासारखी वाटतात, पण त्यांची फोड सोपी आहे. आपल्याकडे ‘डब्ल्यूएपी-७’ म्हणजे डब्ल्यू रुंद मार्गासाठी, ए प्रत्यावर्ती (एसी) विजेसाठी, पी प्रवासी गाडीसाठी. तसंच तिकडे सुरुवातीचा २ म्हणजे दोन भाग जोडलेले, ई म्हणजे विजेचं, एस म्हणजे भाग जोडता येणारं, ५ हा प्रकार आणि के म्हणजे मोटर जुन्या, कार्बन ब्रश असलेल्या पद्धतीची.

हे ‘भाग जोडणं’ समजलं की रशियन इंजिनांचं मर्म समजतं. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर पूर्वी एका बैलजोडीने भागायचं नाही. दोन, तीन, प्रसंगी चार जोड्या एकापुढे एक जुंपायच्या आणि रान बघून जोड्या कमी-जास्त करायच्या. येर्माकचं तेच आहे. दोन भागांचं इंजिन ६,५६० किलोवॉट ताकदीचं. त्यात तिसरा भाग जोडला की ९,८४०, चौथा जोडला की १३,१२०. सैबेरियात चढ असलेल्या मार्गांवर ७,१०० टनांची मालगाडी ओढायला तीन भागांचं इंजिन लावतात, आणि ते सगळं एकच चालक एका केबिनमधून हाकतो.

पण नुसती ताकद असून भागत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर गुळगुळीत असतं. म्हणूनच गाडी कमी ऊर्जेत धावते आणि म्हणूनच चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागतं. चाकाने रूळ घट्ट धरायचा तर वरून वजन हवं. दोन भागांच्या येर्माकचं वजन १९२ टन आहे, ते आठ आसांवर वाटलेलं, म्हणजे प्रत्येक आसावर २४ टन. हे वजन कमी करता येत नाही, कारण ते कामाचं आहे. त्यातूनही चाक घसरलंच तर चाकापुढे वाळू सोडतात. कसाऱ्याच्या घाटात पावसाळ्यात आपले चालकही तेच करतात आणि गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात.

दुसरी अडचण विजेची. रशियाच्या जुन्या मार्गांवर ३,००० व्होल्टची एकदिश (डीसी) वीज आहे, तर नंतरच्या मार्गांवर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती. ज्या स्टेशनात या दोन विजा भेटतात तिथे इंजिन बदलावं लागतं. मुंबईहून भुसावळकडे गेलेल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. मुंबईत १९२५ पासून १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती आणि इगतपुरीपासून पुढे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती. म्हणून इगतपुरीला गाडी थांबायची, इंजिन बदलायचं आणि तोवर फलाटावर वडे खाऊन व्हायचे. पुढे दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम मालिकेची इंजिनं आली, आणि शेवटी मुंबईचीच सगळी वीज बदलली. रशियाने मात्र दोन्ही विजा ठेवल्या, कारण जाळंच इतकं मोठं की सगळीकडची वीज बदलणं परवडणारं नाही. एकट्या ट्रान्ससैबेरियन मार्गाची लांबी ९,२८९ किलोमीटर. त्याचं विद्युतीकरण पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं.

यावर उपाय म्हणून आलं ‘ईपी-२०’. दोन्ही विजांवर चालणारं, ताशी २०० किलोमीटरपर्यंत धावणारं प्रवासी इंजिन. ते ट्रान्समॅशहोल्डिंगने एकटीने बनवलं नाही. २००९ मध्ये फ्रान्सच्या आल्स्टॉम कंपनीशी तिचा भागीदारीचा करार झाला होता. विजेचं रूपांतर करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं आणि नव्या, ब्रश नसलेल्या मोटरींचं ज्ञान तिकडून आलं. त्या मोटरींची देखभाल कमी लागते, पण त्यांना चालवायला वेगवान इलेक्ट्रॉनिक मेंदू लागतो. रशियन कारखान्यांकडे ओतकाम होतं, पोलाद होतं, थंडीत टिकणारी घडण होती. हा मेंदू नव्हता.

२०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ही भागीदारी मोडली. आल्स्टॉमने रशियाकडे माल पाठवणं आणि नवी गुंतवणूक थांबवली. तिचा ट्रान्समॅशहोल्डिंगमधला २० टक्के हिस्सा काही काळ कागदावर राहिला, मग तोही तिने विकला. डिझेल इंजिनांचीही तीच गत. ब्र्यान्स्कच्या काही डिझेल लोकोमोटिव्हमध्ये अमेरिकी बनावटीची इंजिनं बसत होती, ती येणं बंद झाल्यावर कोलोम्नाच्या स्वतःच्या डिझेल इंजिनांवर भर द्यावा लागला. ज्या लुहान्स्कच्या कारखान्यावर सोव्हिएत डिझेल गाड्या पोसल्या गेल्या, आणि जो २०१०च्या सुमारास याच समूहाने विकत घेतला होता, ते शहर २०१४ पासून युद्धाच्या तोंडी आहे. भारताने या कंपनीशी करार करताना या सगळ्याचा विचार केला असणार, आणि आपणही तो डोळ्यांआड करू नये. पैसे कोणत्या बँकेतून जातील, एखादा सुटा भाग कुठल्या देशातून येईल, हे प्रश्न या एका कारणाने कायम उभे राहतील.

आता पुन्हा लातूर.

वंदे भारतला इंजिन नसतं. मोटरी डब्यांच्या पोटाखाली वाटलेल्या असतात, लोकलसारख्या किंवा मेट्रोसारख्या. म्हणून लातूरच्या कामात नोवोचेर्कास्कपेक्षा मितिश्चीचा मेट्रोवॅगनमॅश कारखाना महत्त्वाचा ठरतो. १८९७ मध्ये रेल्वे उभारणारा आणि चित्रकार-गायकांचा आश्रयदाता साव्वा मामोंतोव्ह याने तो काढला. १९३५ मध्ये मॉस्कोची मेट्रो सुरू झाली तेव्हाचे डबे याच कारखान्याचे होते आणि आजही तो मेट्रोचे डबे बनवतो. लातूरच्या कामासाठी स्थापन झालेल्या ‘किनेट रेल्वे सोल्यूशन्स’ या कंपनीत ७० टक्के हिस्सा मेट्रोवॅगनमॅशचा आहे, ५ टक्के आणखी एका रशियन कंपनीचा आणि २५ टक्के रेल विकास निगमचा. हिस्सा कुणाचा किती, यावरून दोन्ही पक्षांत बराच वाद झाला होता. तो मिटल्यावर २०२३च्या सप्टेंबरात करारावर सह्या झाल्या.

रशियातला डबा जसाच्या तसा इथे आणता येणार नाही, हेही समजून घ्यावं. तिकडच्या रुळांमधलं अंतर १,५२० मिलिमीटर, आपलं १,६७६. फरक वीतभरापेक्षाही कमी, पण त्यामुळे डब्याखालची बोगी नव्यानेच आखावी लागते. (आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा.) आणि हवामान. त्वेरच्या डब्यांत आजही एका टोकाला बंब असतो. लांबच्या प्रवासात डबा उबदार ठेवायला आणि चहाला उकळतं पाणी द्यायला. उणे ५० अंशांत काम देणारी घडण आणि मे महिन्यातल्या मराठवाड्यात ४३ अंशांत गारवा देणारी घडण, या दोन वेगळ्या विद्या आहेत. याबाबतीत त्यांना अगदीच नवखं म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये इजिप्तकडून १,३०० डब्यांचं मोठं काम या समूहाने घेतलं होतं आणि त्वेरहून वाळवंटात चालणारे डबे पाठवलेही.

कराराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र डबे नाहीत. तो आहे ३५ वर्षांची देखभाल. पूर्वी रेल्वे डबा विकत घ्यायची, आणि तो बिघडला तर दुरुस्ती रेल्वेचीच. बनवणाऱ्याला मग डबा टिकाऊ करण्यात फारसा रस नसायचा. सुटे भाग विकून उलट फायदाच व्हायचा. ‘आयुष्यभराच्या करारात’ हे गणित उलटतं. डबा तुम्हीच बनवा, तुम्हीच सांभाळा, गाडी धावायला तयार असेल त्याचे पैसे घ्या, उभी राहिली तर दंड भरा. आता चांगलं बेअरिंग सुरुवातीला महाग पडलं तरी बनवणाऱ्यालाच ते परवडतं. रशियात इंजिनांच्या देखभालीचे असे मोठे करार याच समूहाकडे आहेत. मला वाटतं, १२० कोटींच्या भावामागे हा हिशेब होता. नफा गाडी विकण्यात नसून तिला पस्तीस वर्षं चालती ठेवण्यात आहे.

म्हणूनच आराखड्यातला छोटा बदलही मोठा ठरतो. २०२४ मध्ये डब्यात स्वच्छतागृहं किती, स्वयंपाकघराचा डबा असावा का, सामानाला वेगळी जागा हवी का, आणि गाडी सोळा डब्यांची की चोवीस, यावरून रेल्वे आणि कंपनीत बोलणी अडली होती. १२० गाड्या सोळा डब्यांच्या किंवा ८० गाड्या चोवीस डब्यांच्या, दोन्हीकडे डबे १,९२०च होतात. पण चोवीस डब्यांच्या गाडीचं विजेचं, ब्रेकचं, नियंत्रणाचं सगळं गणित वेगळं, आणि एक वाढीव स्वच्छतागृह म्हणजे पाण्याची टाकी, नळ, वजन आणि पस्तीस वर्षांची सफाई.

देखभालीचे डेपो जोधपूर, दिल्ली आणि बंगळूरूला ठरले आहेत, लातूरला नाही. लातूरच्या वाट्याला येतं ते घडणीचं काम. २०१८च्या मार्चअखेर पायाभरणी झालेल्या या कारखान्यातून २०२० च्या डिसेंबरात पहिला डब्याचा सांगाडा बाहेर आला होता आणि त्यानंतर बराच काळ तिथे म्हणावी अशी हालचाल नव्हती. कोलोम्ना असो की मितिश्ची, त्या गावांत कारखान्याभोवती तंत्रशाळा, ओतशाळा, छोटे पुरवठादार पिढ्यान्‌पिढ्या वाढले. आसने, दरवाजे, केबलची बंडलं, पाण्याच्या टाक्या, काचा, रबरी कडी हे सगळं लातूर-धाराशिव-नांदेडच्या औद्योगिक वसाहतींत बनतं की चेन्नई-हैदराबादहून ट्रकने येतं, यावर लातूरच्या आयटीआयमधून निघणाऱ्या फिटर-वेल्डर पोरांचं बरंच काही अवलंबून आहे.